मुलांसाठी ‘ख्रिश्चन इंटरनॅशनल स्कूल’ निवडताना

पालकांसाठी अभ्यासपाठ
वाचन : लूक २, ४१-५२



ऑक्टोबरात पवित्र माळेचा महिना सुरू होतो आणि त्याच सुमारास आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात तरुण आईवडिलांची ये-जा वाढते. कोणाला बाळाच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कोणाला प्रमुख धर्मगुरूंचे शिफारसपत्र. शाळांचे नर्सरीचे आणि पहिलीचे फॉर्म सुटलेले असतात. मी काही वर्षे तेथे दाखले लिहून देण्याचे काम केले आहे आणि रविवारी धर्मशिक्षणाचा वर्गही घेते. त्यामुळे पालक मनातले बोलतात. अलीकडे एक वाक्य वारंवार कानांवर येते : “टीचर, शाळा ख्रिश्चन आहे आणि इंटरनॅशनलसुद्धा आहे. आता काळजी मिटली.”

काळजी खरेच मिटते का, याचा आज आपण थोडा अभ्यास करू. ‘ख्रिश्चन’, ‘इंटरनॅशनल’, ‘स्कूल’ असे हे तीन शब्द आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला शब्द, ‘ख्रिश्चन’. शाळेच्या नावात ‘सेंट’ किंवा ‘होली’ असले, माहितीपत्रकावर क्रूस असला, की आपण गृहीत धरतो की ती आपली शाळा आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यात मात्र याविषयी स्पष्ट नियम आहे. कलम ८०३ प्रमाणे, जी शाळा ख्रिस्तसभेचे अधिकारी किंवा एखादा धर्मसंघ चालवतो, अथवा जिला ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी लेखी मान्यता दिली आहे, ती कॅथोलिक शाळा. त्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेने ‘कॅथोलिक शाळा’ असे नाव लावू नये. ‘सेंट’ किंवा ‘ख्रिश्चन’ या शब्दांना असे बंधन नाही. वाशीचे फादर आग्नेल पिलार संघाच्या धर्मगुरूंचे, नेरुळचे डॉन बॉस्को सालेशियन धर्मगुरूंचे; येथे कोणाला विचारायचे ते आपल्याला ठाऊक असते. इतर ठिकाणी मात्र शाळा कोणता ट्रस्ट चालवतो, तो कॅथोलिक आहे, प्रॉटेस्टंट पंथाचा आहे, की एखाद्या कुटुंबाचा खाजगी आहे, हे सरळ विचारावे. विचारण्यात अपमान नाही. प्रॉटेस्टंट बांधवांच्या किंवा खाजगी ट्रस्टच्या शाळा वाईट असतात असेही नाही. पण तेथे आपल्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी मिळेल, अशी अपेक्षा धरून बसू नये.

‘मायनॉरिटी स्कूल’ या शब्दानेही गोंधळ होतो. भारतीय संविधानाच्या ३० व्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यावरून मिळणारा अल्पसंख्याक दर्जा संस्था कोणाची आहे एवढेच सांगतो. वर्गात श्रद्धेचे शिक्षण होते की नाही, याचा तो दाखला नव्हे. शिवाय २८ व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. आपल्या शाळांत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात, म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी मूल्यशिक्षण आणि कॅथोलिक मुलांसाठी वेगळा तास अशी व्यवस्था असते. हा वेगळा तास आठवड्यातून किती वेळा होतो, कोण घेते, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो का? मुख्याध्यापकांना हे जरूर विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच त्या शाळेत असलेल्या मुलांकडून जास्त खरे मिळते.

याच दर्जाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, आणि कमी उत्पन्न असलेल्या पालकांना ती उशिरा कळते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात आणि त्यांची फी भरावी लागत नाही. पण ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा, यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तोवर आरटीईच्या लॉटरीतून आपल्याच अल्पसंख्याक शाळेत मोफत जागा मिळेल, अशा आशेवर राहू नये. त्याऐवजी फी-सवलतीसाठी शाळेला थेट अर्ज करावा. धर्मसंघांच्या शाळांत असा अर्ज करणे लाजिरवाणे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात कॅथोलिक शाळांनी गरिबांकडे विशेष लक्ष द्यावे असे म्हटले आहे. आपण मागितले तरच त्यांना ते आठवेल, असे कधी कधी होते.

आता ‘इंटरनॅशनल’. आंतरराष्ट्रीय शाळा ही मुळात देशोदेशी बदली होणाऱ्या लोकांच्या मुलांची गरज होती. आयबी हा अभ्यासक्रम १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला तो त्यासाठीच. आपल्या देशात ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळेचे जुने उदाहरण म्हणजे कोडाईकनाल. १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या स्वतःच्या मुलांसाठी तेथे शाळा काढली. पुढे तीच कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल झाली आणि १९७६ साली आयबी सुरू करणारी भारतातली पहिली शाळा ठरली. आज मुंबईत माटुंग्याला सालेशियनांची डॉन बॉस्को इंटरनॅशनल आहे, तेथे केंब्रिजचा अभ्यासक्रम चालतो. म्हणजे ख्रिस्ती आणि खरोखर आंतरराष्ट्रीय, अशा शाळा आहेत. पण आपल्या नवी मुंबईत नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या अनेक शाळांत प्रत्यक्षात सीबीएसई शिकवतात. सीबीएसई वाईट नाही, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय भावाने फी का भरायची?

म्हणून कागद मागावेत. सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक, केंब्रिज म्हणत असतील तर केंद्र क्रमांक. आयबीच्या बाबतीत ‘कँडिडेट स्कूल’ आणि ‘वर्ल्ड स्कूल’ यांत फरक असतो. पहिलीला अजून मान्यता मिळायची असते, दुसरीला मिळालेली असते. सर्वांत आधी पाहायचा तो सरकारचा ११ अंकी यूडायस क्रमांक. मान्यता नसताना शाळा चालवणे हा शिक्षण हक्क कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, दंड एक लाखापर्यंत आहे. तरीही दर वर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात आणि दर वर्षी त्यांत मुलांची नावे घातलेली असतात.

मूल पुढे काय करणार, याचाही आताच विचार हवा. केंब्रिजच्या परीक्षेची फी बहुधा शाळेच्या फीपेक्षा वेगळी, विषयागणिक पडते. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टात लागतो, तोवर महाराष्ट्रातले अकरावीचे प्रवेश बरेच पुढे गेलेले असतात. मार्चची परीक्षा दिली तर निकाल मे महिन्यात येतो. शाळा कोणत्या सत्राला मुले बसवते, हे विचारून घ्या. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे असेल तर नीट आणि जेईईचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांना जवळचा आहे. परदेशी जाण्याचे नक्की असलेल्या घराला आयबी सोयीचे. पण तुर्भ्याच्या कंपनीत नोकरी आणि कोपरखैरण्यात भाड्याचे घर असलेल्या कुटुंबाने ते कशासाठी घ्यायचे, हे त्या कुटुंबाने एकदा कागदावर लिहून पाहावे.

असे एक कुटुंब मला जवळून माहीत आहे. नाव सांगत नाही. वडील कंपनीत सुपरवायझर, आई खाजगी इस्पितळात नर्स, आजी राहुरी तालुक्यातली. मुलीला त्यांनी अशाच पाटीच्या एका शाळेत घातले. पहिल्या वर्षाची फी साठवलेल्या पैशांतून गेली, दुसऱ्या वर्षीची पतपेढीच्या कर्जातून. फी वाढणार हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. शाळेत सकाळी इंग्रजीत एक गीत आणि प्रार्थना होई, बाकी धर्मशिक्षण असे काही नव्हते. आईवडिलांना वाटे, ख्रिश्चन शाळा आहे, तेथे शिकवतातच. रविवारी सकाळी शाळेचे स्केटिंग आणि अबॅकस असे, म्हणून आपल्या वर्गाला ती येईना. आई नाइट ड्युटीवर, वडील ओव्हरटाइमला, घरी माळ म्हणायची राहून गेली.

तिसरीत असताना ऑक्टोबरात आजी आली. संध्याकाळी माळ सुरू झाली. ‘नमो मरिये’ ची आपली पाळी आली तेव्हा मुलगी गप्प बसली. तिला ती मराठीत येत नव्हती आणि इंग्रजीतही अर्धीच येत होती. आजी काही बोलल्या नाहीत, तिच्या वाटची स्वतःच म्हणून पुढे गेल्या. हे मला त्या मुलीच्या आईने कार्यालयात सांगितले, तेव्हा तिला पुढे बोलवेना. पुढच्या वर्षी मुलीच्या बरोबरीच्या चुलत भावंडांना प्रथम ख्रिस्तशरीर मिळाले. हिची तयारी नव्हती, म्हणून फादरांनी थांबायला सांगितले. कर्ज तर होतेच.

आता लूकच्या शुभवर्तमानातला उतारा वाचा. योसेफ आणि मरिया यरुशलेमहून परत निघाले तेव्हा बाळ येशू सोबत नव्हता. ते निष्काळजी होते असे नाही. मूल आपल्याच माणसांच्या तांड्यात कोठेतरी असेल असे समजून ते दिवसभर चालत राहिले. ख्रिश्चन शाळेत घातले म्हणजे मूल तांड्यात आहे, असे समजून आपणही चालत राहतो, फक्त आपली वाटचाल एका दिवसाची नसून चार-चार वर्षांची होते.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. १८७८ पासून येशूसंघीय धर्मगुरू त्या भागात आले. गावोगावी शाळा निघाल्या, बोर्डिंगे निघाली. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारख्या शाळांतून आपले बाप-आजे मराठीत शिकले. त्या शाळांना कोणी इंटरनॅशनल म्हटले नाही, जरी शिकवणारे फादर जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेले होते. मला बोर्डिंगचे गोडवे गायचे नाहीत. तेथे मारही खावा लागे आणि भाकरी पुरत नसे, हे माझ्या वडिलांनीच सांगितले आहे. पण मुलाची प्रार्थना, भाषा आणि अभ्यास तेथे एकाच छपराखाली होत असत. आज ती तिन्ही कामे तीन ठिकाणी विभागली आहेत आणि त्यांतली दोन घरावर आली आहेत. मराठीचेही तसेच. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात प्रत्येक बोर्डाच्या शाळेत मराठी सक्तीचे केले आहे, ते चांगले झाले. पण शाळेतल्या तेवढ्या मराठीने आजीशी बोलता येते किंवा मिस्सातले वाचन करता येते असे नाही.

ख्रिस्तसभेचा कायदाही हे ओळखतो. कलम ७९८ सांगते की पालकांनी मुलांना कॅथोलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे. ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्या शिक्षणाची सोय करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. याचा अर्थ असा की ज्यांना आपल्या शाळेत जागा मिळत नाही किंवा फी झेपत नाही, त्यांनी पाप केले असे मानून खाली मान घालायचे कारण नाही. आपल्या वेदीसेवकांतला एक मुलगा महापालिकेच्या सीबीएसई शाळेत शिकतो. धर्मशिक्षणाला तो सहसा चुकत नाही, कारण त्याचे वडील रविवारी सकाळी त्याला स्वतः आणून सोडतात आणि मागच्या बाकावर बसून राहतात.

तिसरा शब्द, ‘स्कूल’, यावर थोडेच सांगायचे आहे, कारण ते तुम्हांला डोळ्यांनी दिसते. इमारत आणि एसी वर्ग पाहण्यापेक्षा शिक्षिका किती वर्षे टिकतात ते पाहा. प्रवेशासाठी सक्तीची देणगी घेणे महाराष्ट्रात १९८७ पासून बेकायदा आहे. ‘बिल्डिंग फंड’ म्हटल्याने ती कायदेशीर होत नाही. फीबाबत २०११ चा कायदा असा, की व्यवस्थापनाने सुचवलेल्या फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीवर पालक चिठ्ठ्या काढून निवडले जातात. आपले नाव निघाले तर वेळ नाही म्हणून सोडू नका. त्या कुटुंबाला फीवाढ अचानक वाटली, कारण सभेची सूचना त्यांनी वाचलीच नव्हती.

त्या मुलीला आता दुसऱ्या शाळेत घातले आहे, घराजवळच्या, साध्या. फी निम्म्याहून कमी आहे. या जूनपासून ती माझ्या वर्गात येते, वर्गातल्या इतरांपेक्षा वर्षाने मोठी आहे आणि याची तिला थोडी लाज वाटते. तिला ‘नमो मरिये’ आजीने फोनवरून शिकवली.

या आठवड्यात घरी करण्यासाठी : लूकचा उतारा आईवडिलांनी मुलांसमोर मोठ्याने वाचावा. त्यानंतर मुलाला विचारावे, शाळेत तुझ्या धर्माविषयी शेवटचे काय शिकवले आणि कधी? उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्यांना येत्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे, त्यांनी दाखल्यासाठी कार्यालयात येताना शाळेचा यूडायस क्रमांक आणि दोन वर्षांचा फीचा तक्ता सोबत आणावा. दाखला त्याशिवायही मिळेल, पण आपण बसून तो तक्ता एकत्र वाचू.