जुनी थार ठेवू की बदलू?

प्रश्न : आमच्याकडे २०११ची डिझेल थार आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते म्हणे. घरात दोन लहान मुलं आणि गुडघेदुखीची आई. शेताची वाट पावसात चिखलाची. फोर-बाय-फोरशिवाय निभेल का?
– एक वाचक, टोकावडे, ता. मुरबाड

उत्तर : घाबरू नका, भंगाराची सक्ती नाही. तो धाक दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडी आरटीओ तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला, की पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी होते. आधी गाडी लिफ्टवर चढवून चासी खालून बघा. आपल्या पावसात पत्रा वरून चकचकीत आणि सांध्यात कुजलेला निघतो.

तरी मुलांसाठी ती गाडी नकोच, असं माझं मत. मागची समोरासमोरची बाकं माळशेजच्या वळणांवर धोक्याची.

फोर-बाय-फोरचा गिअर गेल्या पावसाळ्यात किती वेळा टाकलात, ते आठवा. मुरबाड-शहापूरच्या डांबरी रस्त्याला तो लागत नाही. चिखलवाट थोडीच असेल तर चांगले टायर पुरतात. अर्टिगा आरामाची, पण सात माणसं बसली की पोट टेकतं. कंपनीचा उंचीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. बोलेरो निओ दणकट, मात्र शेवटची आसनं पुन्हा आडवीच. फोर-बाय-फोर हवीच तर डिझेल थार रॉक्स बघा, बसतील पाचच.

शोरूममध्ये आईंना न्या, चढउतार त्यांनाच करू द्या. जुनी मोडीत काढायचीच ठरली तर अधिकृत केंद्रातच द्या. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.