सदतीस जॅब

मनू,

परवा तुझ्या आईचा फोन आला. निवड चाचणीत दुसऱ्या राउंडला दोनदा खाली गेलीस, रेफरीने लढत थांबवली आणि तेव्हापासून तू ग्लोव्हज कपाटावर टाकून बसली आहेस, असं म्हणाली. ‘त्या उंच मुलीसमोर मी पुन्हा उभी राहणार नाही,’ हे तुझं वाक्य तिने मला दोनदा ऐकवलं. फोनवर तुझ्याशी हे बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहितो. घाईने वाचू नकोस.

तुझ्याच वजनगटातल्या एका माणसाची गोष्ट आहे. त्या काळी फेदरवेटची मर्यादा 126 पौंड होती, म्हणजे तुझे 57 किलोच. त्याचं नाव विली पेप, मूळ गुलिएल्मो पापालेओ. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डला वाढलेला इटालियन घरातला मुलगा. ठोशात फार ताकद नाही, पण पाय असे की समोरच्याचा हात पोचेपर्यंत हा तिथे नसायचाच. अमेरिकेत त्याला जे टोपणनाव होतं, त्याला आपल्याकडचा नेमका शब्द ‘चकवा’. 1942 च्या नोव्हेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी त्याने चॉकी राइटला पंधरा राउंड झुलवून फेदरवेटचा किताब घेतला. पहिल्या 62 लढतींत त्याला कुणी हरवू शकलं नव्हतं. 1947 च्या जानेवारीत तो ज्या विमानात होता ते कोसळलं. पाय मोडला, पाठीच्या मणक्यांना इजा झाली. पाच महिन्यांत गडी पुन्हा रिंगमध्ये होता.

अशा माणसासमोर 29 ऑक्टोबर 1948 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सँडी सॅडलर उभा राहिला. तोवर पेपच्या 136 लढती झाल्या होत्या आणि हार फक्त एक. सॅडलर हार्लेममध्ये वाढलेला, पेपपेक्षा तीन इंचांनी उंच, लांब हातांचा, आणि दोन्ही हातांनी नॉकआउट करणारा. त्याने पेपला चार वेळा पाडलं. चौथ्या राउंडमध्ये दहा मोजून झाले तरी पेप उभा राहू शकला नाही. चकव्याला चकवायला वेळच मिळाला नाही.

आता यापुढचं नीट वाच. दुसरी लढत झाली 11 फेब्रुवारी 1949 ला, त्याच रिंगमध्ये. मध्ये 105 दिवस. तीन महिन्यांत कुणाची उंची वाढत नाही आणि हातही लांब होत नाहीत. सॅडलर तोच होता, त्याचा उजवा हात तोच होता. बदलला तो पेप. त्या लढतीची जुनी कृष्णधवल चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, त्याचा हिशेब नाही. घंटा वाजताच पेप सुटतो. जॅब मारतो, आणि जॅब परत यायच्या आत त्याचा पाय बाजूला पडलेला असतो. सॅडलर वळून पवित्रा घेतो तोवर पुढचा जॅब. पहिल्याच राउंडमध्ये त्याने ओळीने 37 जॅब लावले असं सांगतात. उंच माणसाला ठोसा मारायला पाय रोवावे लागतात. पेपने त्याला पाय रोवूच दिले नाहीत. जवळ आला की मिठी मारून हात बांधायचे, रेफरीने सोडवलं की सरळ मागे न जाता बगल देऊन निघायचं. तू मागे जातेस ती सरळ रेषेत, मनू. मागच्या वर्षी मी तुझी एक लढत पाहिली तेव्हाच हे लक्षात आलं होतं. तेव्हा बोललो नाही, ती चूक माझी.

ती लढत सोपी नव्हती, हेही सांगतो. मधल्या राउंडमध्ये सॅडलरने त्याला हादरवलं, शेवटी डोळ्यांभोवती चेहरा फाटलेला होता. पण पंधरा राउंड तो उभा राहिला आणि एकमताने जिंकला. मला ती मुष्टियुद्धातली सर्वांत मोठी लढत वाटते. जिंकलेल्या शंभराहून अधिक लढतींनी त्याला जे शिकवलं नव्हतं, ते त्या एका पडण्याने शिकवलं.

गोष्ट इथे थांबवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही. 1950 च्या सप्टेंबरात यांकी स्टेडियममध्ये तिसरी लढत झाली. गुणांवर पेप पुढे होता, पण खांदा निखळला आणि सातव्या राउंडनंतर तो स्टुलावरून उठला नाही. काहींनी त्याला नावं ठेवली. मी ठेवत नाही. निखळलेल्या खांद्याने त्या माणसासमोर जाण्यात शौर्य नव्हतं. चौथी लढत 1951 मध्ये पोलो ग्राउंड्सवर झाली, ती मात्र बघू नकोस. दोघेही एकमेकांचे डोळे ओरबाडत होते, ओढाओढी करत होते, रेफरीसुद्धा त्या झोंबाझोंबीत खाली पडला. डोळा फाटलेल्या पेपने नवव्यानंतर लढत सोडली आणि न्यूयॉर्कच्या आयोगाने दोघांवर कारवाई केली. मला वाईट वाटतं ते पेपचं. त्याच्याकडे पायांची कला होती आणि त्या दिवशी तो सॅडलरच्या खेळात उतरला. तुझ्यासमोरची ती उंच मुलगीही तुला ढकलेल, कोपर लावेल. तू उलट कोपर लावलंस तर लढत तिच्या मनासारखी चालेल.

आणखी एक. तुला डॉक्टरांनी तीस दिवस डोक्यावर ठोसा घ्यायचा नाही असं सांगितलंय, ते अक्षरशः पाळ. मी एकोणीस वर्षांचा असताना एकदा पडल्यावर डोकं दुखत असूनही प्रशिक्षकांपासून लपवलं आणि नवव्या दिवशी स्पॅरिंगला उभा राहिलो. पुढचे कित्येक महिने उजेड सहन होत नव्हता. पेपने आयुष्यात 241 लढती केल्या, त्यातल्या 229 जिंकल्या. ठोसे चुकवण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, आणि तरीही म्हातारपणी त्याची स्मृती गेली. 2006 मध्ये तो वारला तेव्हा लढतींच्या त्या रात्री त्याला आठवतही नव्हत्या. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. माझ्या भाचीचं डोकं मला तिच्या कुठल्याही पदकाहून मोलाचं आहे, म्हणून लिहितो.

या तीस दिवसांत दोरीवरच्या उड्या, आरशासमोर शॅडो बॉक्सिंग आणि बाजूला पडणारं डावं पाऊल, एवढंच कर. त्यालाही डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. जमिनीवर खडूने चौकोन आख आणि सरळ मागे गेलीस की पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या लढतीचं चित्रण आईकडे आहे, ते मी मागवलंय. मी आधी एकट्याने बघणार नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो, तेव्हा दोघं मिळून बघू. आधी पेपची दुसरी लढत लावू आणि पहिल्या राउंडचे जॅब तू मोठ्याने मोजायचे. मग तुझी लढत. तू कुठे पडलीस हे मला सांगू नकोस, त्याच्या दोन पावलं आधी तुझा डावा पाय कुठे होता ते दाखव.

ग्लोव्हज कपाटावरून काढून उन्हात ठेव, आत ओल धरते.

तुझा,
मामा