मोटारींचा बाजार आणि राज्यांची एकजूट

गॅरेज चालविणारे व स्पेअर पार्ट्सचा धंदा करणारे आमचे वाचक बंधू जाणतात की, एकच माल दोन मापांत बनवायचा झाला की साचे दोन लागतात, गोदामात जागाही दुप्पट लागते. अमेरिकेतील मोटार कारखानदारांवर ही पाळी कशी आली, ते आज पाहू.

मोटारींच्या धुराचे नियम तेथे केंद्र सरकार करते. अपवाद फक्त कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसची हवा इतकी बिघडली होती की, केंद्राची परवानगी घेऊन अधिक कडक नियम करण्याची मुभा या राज्याला 1967 साली मिळाली. 1977 मध्ये इतर राज्यांनाही तेच नियम उचलण्याची सवलत मिळाली. अट एवढीच की नक्कल हुबेहूब हवी, तिसरे माप कोणी काढायचे नाही. आमच्या मते सारे मर्म या अटीत आहे. प्रत्येक राज्याने आपले वेगळे माप धरले असते तर कारखानदारांनी त्यांना एकेकटे गाठून वाकविले असते.

2002 साली कॅलिफोर्नियाने मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालणारा कायदा केला. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससह डझनभराहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. बुश सरकारने परवानगी नाकारली, तेव्हा त्याच पक्षाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या राज्याने 2008 मध्ये केंद्रावर दावा लावला. (तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो; तो निवडून येतो आणि कारभारही तोच पाहतो.)

आता एवढ्या राज्यांचे गिऱ्हाईक सोडणे कोणत्या कारखानदाराला परवडणार? जे कारखानदार कोर्टात या कायद्याविरुद्ध भांडत होते, तेच देशभर एक नियम मागू लागले. मे 2009 मध्ये ओबामा यांनी तसा नियम जाहीर केला : 2016 पर्यंत नव्या गाड्यांची सरासरी गॅलनमागे 35.5 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 15 किलोमीटर. कंपन्यांनी दावे मागे घेण्याचे कबूल केले.

पण हे कायमचे ठरले असे नाही. जून 2025 मध्ये तेथील संसदेच्या ठरावांनी विजेच्या गाड्यांबाबत कॅलिफोर्नियाला दिलेली परवानगी रद्द झाली, आणि त्याच दिवशी कॅलिफोर्निया इतर राज्यांना घेऊन कोर्टात गेला. मधल्या मध्ये सुटे भाग बनविणाऱ्या छोट्या कारखान्याची पंचाईत होते. नवा साचा करायचा तर पैसा आज घालावा लागतो, आणि कोर्टाचा निकाल लागायला वर्षे जातात.