इंदूर ते मुंबई : आकाशमार्गाचे गणित

इंदूरहून मुंबईस जाणारे आमचे आप्तेष्ट बहुधा सायंकाळी आगगाडीत बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस उतरतात. रतलाम, बडोदे, सुरत असा वळसा घेऊन जाणारा हा लोहमार्ग आठशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. विमानास मात्र घाटाचे बंधन नाही, की नदीवरच्या पुलाचे नाही. मग आकाशमार्गाने हे अंतर किती भरेल? वर्गात शिकलेल्या भूगोल-भूमितीच्या आधारे ते काढता येते काय, हे आपण पाहू.

इंदूरचा विमानतळ २२.७ उत्तर अक्षांश व ७५.८ पूर्व रेखांश यांवर आहे, मुंबईचा १९.१ व ७२.९ यांवर. अक्षांशांतील अंतर ३.६ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा मुंबई इंदूरच्या दक्षिणेस सुमारे ४०० किलोमीटर झाली. रेखांशांतील अंतर २.९ अंश. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना परस्परांच्या जवळ येतात, म्हणून आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. अर्थात मुंबई पश्चिमेस सुमारे ३०० किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा ४०० व ३००, कर्ण ५००! अचूक अंतर याहून चार-पाच किलोमीटरच अधिक आहे. एवढ्या लहान अंतरात पृथ्वी सपाट मानली तरी चालते. दिल्ली ते न्यूयॉर्कसारख्या दूरच्या प्रवासास मात्र ही रीत उपयोगी नाही.

आता वेळ पाहू. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ५०० किलोमीटरांस साडेसदतीस मिनिटे लागावीत. परंतु वेळापत्रकात सुमारे सव्वा तास दिसतो. कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईस जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि गर्दी असल्यास आकाशात घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते.

वाऱ्याचाही हिशेब आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर साडेसदतीस मिनिटांची सुमारे त्रेचाळीस होतात. परतताना तोच वारा पाठीशी असला, तर सुमारे तेहेतीस लागतात. जाताना साडेपाच मिनिटे गेली, येताना चारच परत मिळाली! असे का, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

हे गणित केवळ करमणुकीचे नाही. त्यावरच इंधन ठरते. मुक्कामापर्यंतचे, तेथे उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंतचे आणि वर अर्ध्या तासाचे राखीव इंधन जवळ असावे लागते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या विमानाचे इंधनमापक बिघडले होते. हिशेब हाताने झाला. पण किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक धरला गेला. परिणामी निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले आणि दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते विमान घारीप्रमाणे तरंगत आणून गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. आतील ६९ माणसे वाचली.

उत्तरापुढे एकक न लिहिल्याबद्दल गुरुजी अर्धा गुण कापतात, तेव्हा आपण कुरकुरतो. पुढच्या वेळी ही ६९ माणसे आठवावीत. आणि सुटीत नकाशा उघडून इंदूर ते हैदराबाद हे अंतर याच रीतीने काढावे. एकक विसरू नये!