कंपनीचे समभाग आणि वारसांचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह सादमध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यापुढे आलेल्या एका तंट्याचे वर्णन आहे (आयत 21 ते 24). दोन वादी भिंत ओलांडून त्यांच्या उपासनेच्या दालनात उतरले. एकाजवळ नव्याण्णव मेंढ्या होत्या, त्याच्या भावाजवळ एकच. नव्याण्णव मेंढ्यांच्या धन्याला ती एकही हवी होती, आणि बोलण्यात त्याने भावाला निरुत्तर करून टाकले होते. हजरत दाऊद (अ.) यांनी ही मागणी अन्यायाची ठरविली आणि सांगितले की मालमत्तेत एकमेकांचे भागीदार असलेले पुष्कळ लोक परस्परांवर अतिरेक करतात, श्रद्धावंत आणि सत्कर्मी तेवढे वाचतात, पण असे लोक फार थोडे.

या प्रसंगातील एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. थोरल्या धन्याने काठी उगारलेली नाही, चोरी केलेली नाही. तो बोलण्यात वरचढ ठरला, एवढेच. आजच्या व्यवहारात हे बोलण्यातले वर्चस्व ठराव, नोटीस आणि बहुमत यांचे रूप घेऊन येते. सारे कागद नियमाप्रमाणे असतात, आणि शेवटी ती एक मेंढी नव्याण्णवांत मिसळलेली असते.

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव यांसारख्या बाजारपेठांत आडत, बियाणे, डाळमिल, वाहतूक असे व्यवसाय एकेका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. आता नव्या पिढीला बँकेचे मोठे कर्ज हवे असते, परजिल्ह्यातील व्यापाऱ्याशी करार करायचा असतो, म्हणून ती वडिलांच्या दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करते. यात गैर काही नाही. मात्र कंपनी झाली की हक्काचा आधारच बदलतो. दुकानात कोणाचा किती वाटा हे घरातल्या साऱ्यांना ठाऊक असते. कंपनीत ते सभासद नोंदवही सांगते. नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याला सभेची नोटीस येत नाही, हिशेब येत नाही, लाभांशही येत नाही.

कंपनी स्थापण्याची रीत फार अवघड राहिलेली नाही. कंपनी कायदा 2013 नुसार प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. सभासदांची मर्यादा 200 आहे. घटनापत्रक आणि नियमावली अशा दोन दस्तऐवजांवर संस्थापक सह्या करतात. आपल्या नावापुढे लिहिलेल्या समभागांचे पैसे प्रत्येकाने भरल्याचे प्रतिज्ञापत्र स्थापनेपासून 180 दिवसांत द्यावे लागते. त्यापूर्वी धंदा सुरू करता येत नाही. हे काम लेखापरीक्षक करून देतात. नियमावलीचा मसुदाही बहुधा त्यांच्याकडे तयार असतो आणि घरचे लोक तो न वाचताच सही करतात. समभाग कोणाला विकता येतील, संचालक हस्तांतरण कोणत्या कारणाने नाकारू शकतील, हे सारे त्याच मसुद्यात असते. कर्जाचा साधा व्यवहारही लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, अशी आज्ञा सूरह अल्-बकराच्या 282 व्या आयतीत सविस्तर आलेली आहे. असा ग्रंथ मानणाऱ्यांनी नियमावली न वाचता सही करणे शोभत नाही.

मर्यादित जबाबदारी शरीअतला मान्य आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने 1992 च्या जेद्दाह अधिवेशनात यावर निर्णय दिलेला आहे. कंपनीशी व्यवहार करणाऱ्याला तिची जबाबदारी भांडवलापुरती आहे हे आधीच माहीत असते, त्यात फसवणूक नाही, म्हणून अशी कंपनी वैध आहे. समभाग म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतील अविभक्त वाटा, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. भांडवलाची किंवा ठरावीक नफ्याची हमी देणारे अग्रहक्क समभाग मात्र अकादमीने अवैध ठरविले. आपल्याकडे बहिणीचे पैसे धंद्यात घेऊन तिला दरमहा ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु भांडवलावर बांधलेली रक्कम हे व्याजाचेच रूप आहे. शिर्कतमध्ये नफ्याचे प्रमाण ठरते, रक्कम ठरत नाही. आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात सर्वांनी सोसायचा असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वडील हयात असताना कंपनी झाली आणि नंतर त्यांचे निधन झाले, तर त्यांच्या समभागांचे काय होते?

समजा, डाळमिलच्या कंपनीचे एकूण 6,000 समभाग आहेत. वडिलांच्या नावे 4,800 आणि थोरल्या मुलाच्या नावे 1,200. वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुले आणि दोन मुली आहेत. आजी-आजोबा हयात नाहीत. सूरह अन्-निसाच्या 11 व्या आणि 12 व्या आयतींतील नियमांप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा काढल्यावर उरलेले मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटायचे. म्हणजे 4,800 पैकी आईला 600, प्रत्येक मुलाला 1,400 आणि प्रत्येक मुलीला 700. अर्थात त्याआधी दफनाचा खर्च, सर्व कर्जे आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत भागवावी लागते. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे, आणि बँकेच्या कर्जाला वडिलांनी व्यक्तिगत हमी दिली असेल तर तिचाही विचार आधी करावा लागेल. कंपनीची जबाबदारी मर्यादित असली तरी हमीची सही माणसाची स्वतःची असते.

या वाटणीनंतर थोरल्याकडे 2,600 समभाग राहतात. तो सर्वांत मोठा भागधारक आहे, परंतु त्याच्याकडे निम्मेही मत नाही. आई आणि दोन बहिणी मिळून 2,000, म्हणजे एकूण समभागांचा तिसरा हिस्सा. नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातील मतांच्या तिप्पट मते बाजूने हवीत. या तिघींनी नकार दिला तर ठराव होऊच शकत नाही. कुरआनने नेमून दिलेले हिस्से नोंदवहीत जसेच्या तसे उतरले तर घरातील स्त्रियांचा शब्द कंपनीत मोजावाच लागतो.

व्यवहारात बहुधा असे होत नाही. वडिलांनी कलम 72 प्रमाणे थोरल्याला नॉमिनी नेमलेले असते. निधनानंतर तो मृत्यूचा दाखला देतो, 4,800 समभाग त्याच्या नावे चढतात, आणि कायद्याला दोन सभासद लागतात म्हणून तो दहा समभाग पत्नीच्या नावे करतो. बहिणींना सांगितले जाते की अब्बांनीच मला नेमले होते.

नॉमिनी म्हणजे मालक काय, यावर आपल्याच राज्यात मोठा वाद झाला. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयातील एका प्रकरणात मृताची पत्नी एका बाजूला आणि त्याने नॉमिनी नेमलेला पुतण्या दुसऱ्या बाजूला होता. एकल न्यायपीठाने निकाल पुतण्याच्या बाजूने दिला. कायद्यातील शब्दांवरून समभाग नॉमिनीकडे निहित होतात, असे म्हटले. पुढे ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरून हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने 1 डिसेंबर 2016 रोजी उलट मत दिले आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. नॉमिनीची नोंद ही कंपनीच्या सोयीसाठी आहे, मालमत्ता कोणाकडे जाईल हे वारसा कायदाच ठरवील, असा या निकालाचा अर्थ. मुसलमानांसाठी तो कायदा म्हणजे 1937 च्या शरीअत अधिनियमाने लागू केलेला इस्लामी वारसा कायदा. समभाग ही जंगम मालमत्ता असल्याने त्यात शंकेला जागा नाही. नॉमिनी असलेला भाऊ हा विश्वस्त आहे. जे त्याच्या हाती आले ती अमानत आहे.

खरे तर या उत्तरासाठी 2023 ची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नव्हते. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की मुलींच्या काकाने त्यांच्यासाठी काहीच ठेवले नाही. वारशाच्या आयती अवतरल्यावर प्रेषितांनी (स.) त्या काकाला बोलावून मुलींना दोन तृतीयांश आणि त्यांच्या आईला आठवा हिस्सा देण्यास सांगितले, उरले ते त्याचे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. मालमत्ता त्याच्या ताब्यात होती म्हणून ती त्याची झाली नाही.

निकाल बाजूने असला तरी नोंद आपोआप होत नाही. वारसांनी कंपनीला लेखी कळवून समभाग आपल्या नावे करण्याची मागणी करावी लागते. मागणी नाकारायची असल्यास प्रायव्हेट कंपनीने 30 दिवसांत कारणासह कळविले पाहिजे. त्यानंतर 30 दिवसांत, आणि काहीच न कळविल्यास मागणी दिल्यापासून 60 दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आपल्यासाठी ते मुंबईत. वाशीमहून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर, वकिलाचा खर्च, आणि सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज. किती बहिणी तेथवर जातील?

सभासद झाल्यावर हक्क बरेच आहेत. वार्षिक सभेची नोटीस, तिच्याआधी ताळेबंदाची प्रत, सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त पाहणे, समभागांच्या प्रमाणात मत आणि लाभांश. नवे समभाग काढायचे तर ते प्रथम जुन्या सभासदांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. नव्याण्णवांचा धनी येथेच पुन्हा बोलण्यात वरचढ ठरू शकतो. वरच्या उदाहरणात भावांनी आणखी 6,000 समभाग दहा रुपये दर्शनी किमतीने काढले. पत्र टपालाने गेले. ते बहिणीच्या सासरी कपाटात पडून राहिले आणि मुदत संपली. उत्तर न देणे म्हणजे नकार. दोघा भावांनी सारे नवे समभाग घेतले की आई-बहिणींचा तिसरा हिस्सा सहाव्यावर येतो आणि ठराव अडविण्याची शक्ती जाते. मिलची खरी किंमत दर्शनी किमतीच्या कैक पट असेल तर त्यांचे नुकसान केवळ मतांचे राहत नाही. असे पत्र आले तर ते बाजूला न ठेवता त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावे. दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाविरुद्ध कलम 241 खाली दाद मागता येते. सभासदांच्या एकूण संख्येचा दहावा भाग पुरेसा असल्याने पाच-सात सभासदांच्या कंपनीत एकटी बहीणही अर्ज करू शकते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांत थोडा फरक आहे. तेथे समभाग कितीही असोत, व्यक्तिगत सभासदाला एकच मत असते. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नॉमिनी नेमावा लागतो, आणि तो स्वतः उत्पादक नसल्यास समभाग कंपनीला परत करावे लागतात. येणारी रक्कम नॉमिनीच्या हाती पडली तरी ती तरका म्हणूनच वाटावी.

बहिणीला समभाग नकोच असतील तर? फिक्हमध्ये यासाठी तखारुजची तरतूद आहे: वारसाने परस्पर संमतीने ठरलेला मोबदला घेऊन आपला हिस्सा सोडावा. मात्र मिलचे मूल्यांकन तिला दाखविले पाहिजे आणि मोबदला प्रत्यक्ष दिला पाहिजे. माहेर तुटेल या भीतीने केलेली हक्कसोडाची सही खुशीची समजता येत नाही.

आणखी एक प्रसंग अनेक घरांत आढळतो. आजोबांचा तरका वाटलेलाच नाही, आत्या वृद्ध झाल्या आहेत, आणि नातू त्याच दुकानाची कंपनी करायला निघाले आहेत. दुकानात आत्यांचा वाटा असेल तर तो भांडवल म्हणून स्वतःच्या नावे दाखविण्याचा अधिकार नातवांना नाही. घटनापत्रकावर सही होण्यापूर्वी जुना हिशेब मांडावा, आत्यांना बोलवावे, समभाग हवे की मोबदला हे त्यांना विचारावे, आणि त्या जे सांगतील ते लिहून घ्यावे. आत्या हयात नसतील तर त्यांच्या मुलांना विचारावे.