नोकरी मिळाली, खोली नाही

आपल्या जळगाव-धुळ्याचे तरुण नववर्षारंभी नोकरीसाठी सुरत-बडोद्याची वाट धरतात. त्या वाटेवरचा एक इतिहास आहे.

जानेवारी 1913 मध्ये बी. ए. झालेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. 2 फेब्रुवारीस रामजी सुभेदार निवर्तले. 1917 मध्ये परदेशातील अध्ययनानंतर, शिष्यवृत्तीच्या करारानुसार, ते पुन्हा बडोद्यास गेले. पद होते, विद्वत्ता होती (अवघ्या संस्थानात तेवढी कोणाची असेल?), पण राहावयास खोली नव्हती. पारशी सराईत अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. सायंकाळी बाबासाहेब कामाठी बागेत मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसले.

सुरतेस गेलेले आमचे माजी विद्यार्थी सांगतात, घरमालक पगाराआधी आडनाव विचारतो.