'काराकुरी' : एका नावाची कुळकथा

वस्तूचे नाव पुष्कळदा तिच्या रचनेचा इतिहास सांगत असते. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधील नाटकातून जगभर पसरला. त्याच्या मुळाशी 'वेठबिगार' या अर्थाचा चेक शब्द आहे. जपानमध्ये मात्र मनुष्याकृती यंत्रांना त्याच्या कितीतरी आधीपासून 'काराकुरी निंग्यो' असे नाव होते. 'निंग्यो' म्हणजे बाहुली. शब्दशः, माणसाचा आकार. 'काराकुरी' हा शब्द दोरा ओढून हालवणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून बनलेला आहे. आपल्या 'कळसूत्री' या शब्दातही कळ आणि सूत्र एकत्र नांदतात.

या बाहुल्यांच्या घडणीस घड्याळाचे ज्ञान उपयोगी पडले. १५४९ मध्ये गोव्याहून जपानकडे निघालेले धर्मोपदेशक फ्रान्सिस झेवियर यांनी १५५१ मध्ये ओउची योशिताका या सरदारास यांत्रिक घड्याळ भेट दिले. पुढे जपानी कारागिरांनी ही विद्या आत्मसात केली. १६६२ मध्ये ताकेदा ओमी यांनी ओसाका येथे यांत्रिक बाहुल्यांचे नाट्यगृह उघडले. १७९६ मध्ये होसोकावा हान्झो यांच्या 'काराकुरी झुई' या सचित्र ग्रंथात घड्याळांबरोबरच अशा बाहुल्यांची रचनाही प्रसिद्ध झाली.

त्यांतील चहा देणारी बाहुली विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या पोटात लाकडी दंतचक्रे असून, देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्टीची कमान त्यांना गती देते. घड्याळातल्यासारखी एक योजना हा वेग आवरून धरते. हातातील तबकावर पेला ठेवला की त्याच्या भाराने हात किंचित खाली येतो, अडसर सुटतो आणि बाहुली पाहुण्याकडे चालू लागते. पाहुण्याने पेला उचलताच ती थांबते. रिकामा पेला परत ठेवताच वळून माघारी जाते. बाहुली पाहुण्यास ओळखते, असा पाहणाऱ्यास भास होतो. वास्तविक तिला कळतो तो केवळ पेल्याचा भार.

तानाका हिसाशिगे (१७९९–१८८१) यांनी ही कला आणखी पुढे नेली. त्यांचा धनुर्धारी बालक स्वतः बाण उचलून धनुष्याला लावतो व लक्ष्याकडे सोडतो. त्याच्या बैठकीत उंचसखल कडांच्या चकत्या फिरतात; त्या तरफा हालवतात, आणि तरफांना बांधलेले दोरे हात व मान वळवतात. म्हणजे दोरा कायम राहिला. तो ओढणाऱ्या माणसाच्या हाताची जागा मात्र चकतीने घेतली. याच तानाकांनी १८५१ मध्ये 'दहा हजार वर्षांचे घड्याळ' पूर्ण केले. १८७५ मध्ये त्यांनी टोकियो येथे काढलेला कारखाना हे आजच्या तोशिबा कंपनीचे एक मूळ होय.

यंत्राने माणसाचे रूप घेतले की त्याला मनही असावे, असे आपल्याला सहज वाटू लागते. 'काराकुरी' हे नाव अशा वेळी एका साध्या प्रश्नाची आठवण देते : दोरा कोठे आहे, आणि तो कोण ओढीत आहे? आधुनिक यंत्रमानवात दोऱ्याच्या जागी विद्युत्प्रवाह आणि चकतीच्या जागी आज्ञावली आली आहे. हा प्रश्न विचारणे मात्र आजही तितकेच आवश्यक आहे.